बाईंची भरपाई

वसमतला मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सत्यशीलाचं औषधाचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की आधी उदबत्तीचा वास येतो, औषधांचा मागून. सकाळी शटर वर केलं की ती नागनाथाच्या तसबिरीला फूल वाहते, दिवसभरात जे कोणी दुखणाईत येतील त्यांच्यासाठी मनातल्या मनात दोन शब्द बोलते, आणि मगच पहिली चिठ्ठी हातात घेते. सोमवार, एकादशी, चतुर्थी. कोणत्या दिवशी तिच्या डब्यात काय असतं आणि काय नसतं, हे शेजारच्या कापडवाल्यालाही पाठ झालंय. तिचा आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकावं लागतं.

पण एक खोड तिला पहिल्यापासून आहे. ती विचारते. गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं, की आपलं काम झालं असं तिला कधी वाटलं नाही. "घरी गेल्यावर नेमकी कशी घेता, ते सांगा बरं," असं ती प्रत्येकाला एकदा तरी विचारणारच. त्यातून काय काय निघालं म्हणून सांगावं! एका म्हातारीनं महिनाभर आपली अर्धी गोळी नवऱ्याला दिली होती, कारण गुडघे त्याचेही दुखत होते आणि एकटीनं खाणं तिला बरं वाटेना. एक शेतकरी जेवणानंतरची गोळी दिवसातून एकदाच घ्यायचा, का तर तो जेवायचाच एकदा. कोणी मूर्ख नव्हतं. प्रत्येकापाशी आपलं आपलं कारण होतं, आणि ते ऐकायला मिळालं की सत्यशीलाला एखादी गोष्ट वाचून संपवल्याचं सुख व्हायचं.

फाल्गुन उतरणीला लागला होता. शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा दारात घोंगडी झटकल्याचा आवाज झाला आणि कोणीतरी खणखणीत ओरडलं, "ओ डॉक्टरीणबाई! शेळीला लागू पडंल आसं काही हाय का तुमच्यापाशी?"

सत्यशीला चष्म्यावरून बघत हसली. "शेळीचं नाही. पण शेळीच्या मालकाची जीभ आवरायचं औषध बघते एखादं. ये, बस ज्ञानबा."

ज्ञानबा डोंगरकड्याचा. एकाच गल्लीतली घरं, दोघांच्याही घरी मेंढ्या-शेळ्या, शाळेत एकाच वर्गात. सत्यशीला शिकत पुढं गेली, ज्ञानबा सातवीनंतर कळपामागं गेला तो आजवर.

"तू गोळ्या इकून मोठी झालीस, आमी शेळ्या राखून म्हातारे झालो," तो स्टुलावर टेकत म्हणाला. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्ञानबानं टोपी काढली म्हणजे गोष्ट हसण्यावारी न्यायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

"सत्ये, बाईला घिऊन चालले पुण्याला."

"कोणत्या बाईंना?"

"आपल्याला कितीक बाई होत्या गं? चंद्रभागाबाई. पुतन्या येऊन राहिला सोमवारी गाडी घिऊन. मंगळवारी सकाळी नेणार म्हन्तो, कायमचं."

"काहून? काय झालं?"

"पडून राहिल्या ना सारख्या. बरं, रोज न्हाई. मंगळवारी. पहाटं उठल्या की घेरी येती अन् धाडकन खाली. मागच्या मंगळवारी कपाळ फुटलं, मीच उचललं. आमची घरधनीन म्हन्ती, मंगळवारचं बाहेरचं काही हाय. तिनं दाराला लिंबू बांधून टाकलं. बाईनं ते सोडलं, अन् सरबत करून तिलाच पाजलं."

सत्यशीलाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "फक्त मंगळवारी?"

"फकस्त मंगळवारी. बाकी दिवस ठणठणीत. परवा मला म्हन्ल्या, ज्ञानबा, मला पुण्याला जायचं न्हाई रे. आता मी काय करू सांग? मी हा शेळ्या राखनारा." टोपी पुन्हा डोक्यावर चढवत तो म्हणाला, "तुला इचारायची खोड हाय ना? मग ये अन् इचार."

*

त्या शनिवारी संध्याकाळी सत्यशीला चिठ्ठ्या वाचत होती, पण मन होतं शाळेत.

तेव्हा हा सगळा परभणी जिल्हा होता. डोंगरकड्याच्या शाळेला पत्र्याचं छप्पर, पुढं कडुलिंबाचं झाड, आणि पाचवीच्या वर्गाला चंद्रभागाबाई. बाई तरुणपणीच एकट्या झालेल्या, मूलबाळ नाही. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की लिंबावरचे पोपटही गप्प बसावेत. मारायच्या मात्र नाहीत. त्यांच्याकडे मारापेक्षा जबर गोष्ट होती, तिला त्या 'भरपाई' म्हणायच्या.

भरपाई म्हणजे असं की, जे चुकलं ते त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत भरून काढायचं. सकाळी शेळ्यांचं दूध काढता काढता सत्यशीलाला उशीर व्हायचा आणि प्रार्थना चुकायची. मग मधल्या सुटीत तिनं भिंतीकडे तोंड करून एकटीनं प्रार्थना म्हणायची. पाढा चुकला, पाढा. माठ भरायची पाळी चुकली, माठ. गैरहजर राहिलेल्याची तर आल्या दिवशी सगळी बाकी निघायची. एकदा मेंढ्यांची लोकर कातरायला म्हणून ज्ञानबा घरी राहिला आणि परत आला, तर त्याला जितक्या दिवसांच्या प्रार्थना चुकल्या होत्या तितक्या एकामागून एक म्हणाव्या लागल्या. शेवटी शेवटी त्याची जीभ वळेना, वर्ग खुसूखुसू हसायला लागला. बाई मात्र शेवटची ओळ होईपर्यंत हात जोडून उभ्या. "राहिलेलं ठेवायचं नाही," त्या म्हणायच्या. "राहिलेलं मागं लागतं."

बाई स्वतःही त्यातून सुटलेल्या नव्हत्या. एकदा वाळवायला टाकलेल्या हळदीची राखण करायला म्हणून त्या तासाला पोचल्या नाहीत, तर शाळा सुटल्यावर त्यांनी मुलांना थांबवून तो तास घेतला. आधी मुलांची माफी मागितली, मग खडू उचलला.

आणि त्याच वर्गात सत्यशीलाला पहिल्यांदा तो प्रश्न पडला होता. तिला हिवताप आला होता. बाईंनी सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणवल्या, वर्गातच पाण्याचा तांब्या देऊन पहिली गोळी गिळायला लावली. कडूजहर! पण दोन दिवसांनी ताप उतरला, आणि सत्यशीलानं भर वर्गात हात वर केला. "बाई, गोळी तर पोटात गेली. मग तिला कसं कळलं, मला थंडी वाजून राहिली म्हणून?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. हातातला खडू खाली ठेवून म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. तू शीक, आणि येऊन मला सांग."

शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते, आणि ती तो असा सरळ सांगतो, याचं त्या पोरीला एवढं नवल वाटलं की पुढचा सगळा रस्ता तिथूनच फुटला. नांदेडला औषधशास्त्राची पदविका, तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी, लग्न, मग वसमतचं दुकान. कॉलेजात असताना सुटीत गावी आली की ती घरी पिशवी टाकायची आणि आधी बाईंकडे पळायची. जे जे नवीन कळलं ते ते त्यांच्या ओट्यावर बसून सांगायची. बाई तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या, मध्येच विचारायच्या, आणि सत्यशीलाला उत्तर आलं नाही की म्हणायच्या, "बघ, पुढच्या सुटीत भरपाई."

आता कित्येक वर्षं सुटीच नव्हती. दिवाळीला साडी द्यायला जाणं व्हायचं तेवढंच.

*

सोमवारी सकाळी मुलगी वैष्णवीला, तीही आता फार्मसिस्ट, दुकानावर बसवून सत्यशीला एसटीनं डोंगरकड्याला निघाली. बाईंसारखाच तिचाही सोमवारचा उपास होता. पोटात काही नव्हतं, पण सकाळची थायरॉईडची गोळी घेतलेली होती. ती देवाच्या तीर्थाबरोबर घ्यायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम.

गावात सगळीकडे हळद शिजत होती. कढयांची वाफ रस्त्यावर आलेली, ओला गरम मातकट वास नाकात भरत होता. बाईंच्या दारात पुण्याची गाडी उभी होती आणि ज्ञानबाची एक शेळी तिच्या चाकाचा वास घेत होती.

"आलीस? आज सोमवार आहे, चहासुद्धा विचारणार नाही हं," बाई ओट्यावरूनच म्हणाल्या. ऐंशीच्या घरातला देह, कपाळाला पट्टी, पण आवाजाला वय नव्हतं.

"माझाही आहे बाई."

"माहीत आहे मला. म्हणून तर विचारत नाही."

आत पुतण्या वैजनाथ देवघराजवळच्या फडताळातून भांडी काढून खोक्यात भरत होता. चाळिशीचा, पुण्यात कंपनीत कामाला, चेहऱ्यावर जागरण. सत्यशीलाला बघून उठला. "ताई, तुम्ही तरी समजवा काकूंना. मी काही हौसेनं नेत नाहीये. मागच्या मंगळवारी डोळा थोडक्यात वाचला. पुढच्या मंगळवारी काय होईल?"

"मी कुठं म्हणते काही होणार नाही म्हणून?" बाई बाहेरून म्हणाल्या. "पण माझ्या अंगणात होऊ दे. तुझ्या अकराव्या मजल्यावर मी महादेव कुठं शोधू रे? बेलाचं झाड लिफ्टनं वर आणणार आहेस?"

"काकू, पुण्यात देवळं नाहीत का?"

"आहेत. पण त्यांना मी माहीत नाही."

वैजनाथनं सत्यशीलाकडे बघून हात जोडले. ती हळूच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतात?"

"वसमतच्याच डॉक्टरांचं औषध आहे. रक्तदाबाची गोळी, सकाळ-संध्याकाळ. गुरुवारी तपासायला जातात तेव्हा सगळं बरोबर असतं. मला वाटलं, गोळ्या विसरत असतील. म्हणून पाकिटं तपासली. एकही गोळी जादा उरत नाही, एकही कमी पडत नाही. काकूंचं काम म्हणजे काय!"

सत्यशीलानं पाकिटं हातात घेऊन बघितली. खरंच, एकाला लागून एक रिकामी घरं, मध्ये खंड नाही. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. बाई तुळशीला पाणी घालत होत्या, भिंतीचा आधारही न घेता.

आता तिची खोड जागी झाली होती. "बाई, पडायला कधीपासून लागलं हो?"

"दिवाळीनंतर."

"आणि गोळ्या?"

"दिवाळीच्या आधी थोड्या." बाईंनी तांब्या खाली ठेवला. "तेही विचारून झालंय. मग म्हटलं, गोळ्यांनी व्हायचं तर रोज व्हावं. मंगळवारीच का? तुला काय वाटतं?"

विचारताना बाईंचे डोळे असे चमकले की सत्यशीलाला क्षणभर पाचवीचा वर्ग दिसला. बाईंना स्वतःच्या पडण्याची भीती नव्हती, त्यांना त्याचं कोडं पडलं होतं. "लिंबामुळं नाही हे नक्की," त्या म्हणाल्या. "लिंबू चांगलं होतं."

"आज सकाळची गोळी घेतलीत?"

"रोजच्या गोळ्या मी रोज घेते गं," बाई म्हणाल्या, आणि बेलाची पानं निवडायला बसल्या.

सत्यशीलाच्या मनात काहीतरी खुटखुटलं. इतक्या वर्षांच्या काउंटरनं तिला एक शिकवलं होतं: विचारलं एक आणि उत्तर आलं दुसरं, तरी दोन्ही खरी असतात, फक्त मधली एक पायरी अंधारात असते. पण पुन्हा टोकलं तर बाई शाळामास्तरीण होऊन बसतील. तिनं ठरवलं, आज इथंच थांबायचं. दिवसभर बाईंच्या मागं राहायचं, शेपटासारखं.

दोघी महादेवाला जाऊन आल्या. बाई चढ चढल्या, उतरल्या, वाटेत शेजारणीच्या नातवाला पाढा विचारला. दुपारी थोडं पडल्या. दिवसभरात पोटात गेलं ते घोटभर तीर्थ आणि दोन वेळा पाणी, तेही सत्यशीलानं पुढं केलं म्हणून. गोळीचं पाकीट देवघराच्या बाजूला फळीवर होतं. सत्यशीला तिथून ये-जा करताना बघायची. सकाळपासून एकही घर फुटलेलं नव्हतं.

म्हणजे सकाळची गोळी घेतली नव्हती. मग पाकिटात ती उरत कशी नाही? तिला कळेना. तिची भूकसुद्धा त्या विचारानं पळाली.

*

दिवेलागण झाली. बाईंनी देवापुढं समई लावली, सत्यशीलानं स्वयंपाकघरात पानं घेतली. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, गोडाचा शिरा. ज्ञानबा दुधाचं भांडं घेऊन आला तो उंबऱ्यातच बसला. वैजनाथ भिंतीला टेकून फोनवर उद्याच्या रस्त्याचं बघत होता.

बाईंनी नैवेद्य दाखवला, चित्राहुती घातली, पहिला घास घेतला. शांतपणे जेवल्या. हात धुतला. मग फळीवरचं पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली, आणि लगेच दुसरी.

"बाई," सत्यशीला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, पण वैजनाथनं फोनमधून मान वर केली. "या दोन कशाच्या?"

"एक संध्याकाळची. एक सकाळची." बाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सकाळी उपास असतो ना. तेव्हाची राहते, ती आता भरून काढायची."

ज्ञानबानं सावकाश कपाळावर हात मारून घेतला. "भरपाई!" तो म्हणाला. "अरे द्येवा, बाईनं गोळीलाबी भरपाई लावली!"

"काकू!" वैजनाथ ताडकन उठला. "दोन गोळ्या एकदम? दर सोमवारी?"

"मग काय फेकून देऊ? डॉक्टरांनी दिवसाच्या दोन सांगितल्यात, दिवसाच्या दोन जातात. चुकलेलं मी कधी ठेवलंय का?"

सत्यशीला बाईंच्या पुढ्यात जाऊन बसली आणि त्यांच्या तळहातावरच्या गोळ्यांवर आपला हात ठेवला. "बाई, ही गोळी रक्ताचा जोर कमी करते. एका वेळी एकीनं जेवढा व्हायचा तेवढा. तुम्ही दिवसभर उपाशी, पाणीही नाही पीत, आणि वरून दोन एकदम. जोर इतका उतरतो की पहाटे उठून उभं राहिलं की डोक्यापर्यंत रक्तच पोचत नाही. मग घेरी. म्हणून मंगळवार."

बाईंनी हे नीट ऐकून घेतलं. एकेक पायरी त्या मनात चढून बघत होत्या, हे दिसत होतं. "असं होय," शेवटी त्या म्हणाल्या. घाबरल्या नाहीत, एखादं गणित सुटल्यावर चेहरा उजळतो तसा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मंगळवारचं सोमवारात होतं."

"पण सकाळी का नाही घेत तुम्ही? उपासाला औषध चालतं की. सगळेच घेतात."

"घेत असतील. मी नाही." बाई म्हणाल्या. "गोळीत मक्याचं पीठ असतं. मका धान्यच ना?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की सत्यशीलाचे कान तापले. "तूच की! तिथं, त्या ओट्यावर बसून. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत. म्हणालीस, बाई, उत्तर मिळालं! गोळीत औषध चिमूटभरच असतं, बाकी मक्याचं पीठ. पोटात पाणी लागलं की ते पीठ फुगतं, गोळी फुटते आणि औषध रक्तात शिरतं. मग ते सगळ्या अंगात फिरतं, त्याला वेगळं कळावं लागत नाही. केवढी नाचत होतीस! मी तेव्हापासून ध्यानात ठेवलंय."

सत्यशीलाला ती दिवाळी आठवली, आपला हातवारे करणारा हात आठवला, बाईंचं तांदूळ निवडायचं सूप आठवलं. एवढ्या वर्षांपूर्वी आणलेलं उत्तर बाईंनी देवघराशेजारी जपून ठेवलं होतं, आणि उपासाच्या दिवशी त्याप्रमाणे वागत होत्या.

ज्ञानबा मोठ्यानं हसायला लागला. "घे! इचारायची खोड तुझी, सांगायची खोड तुझी, अन् कपाळ बाईचं फुटलं!"

"गप रे," बाई म्हणाल्या. "खरं सांगितलं तिनं. खरंच आहे ना गं? की आता बदललं?"

इथं एक खोटा शब्द पुरला असता. आता नाही हो पीठ घालत, असं म्हटलं असतं तर पुढच्या सोमवारपासून सकाळची गोळी सुरू झाली असती. वैजनाथ डोळ्यांनी तेच सांगत होता. सत्यशीलानं देवघरातल्या समईकडे बघितलं.

"खरं आहे बाई. बहुतेक गोळ्यांत असतं. आजही."

"आणि तू घेतेस सोमवारी?"

"घेते. तीर्थाबरोबर."

"पीठ असतं हे ठाऊक असून?"

"ठाऊक असून. मी म्हणते, देवा, हे पोटासाठी नाही, तुझं नाव घ्यायला उभं राहता यावं म्हणून आहे."

बाईंनी मान डोलावली. "तुझा नेम तुझ्यापाशी चांगला आहे. माझा मी इतकी वर्षं पाळला, आता या वयात वाकवणार नाही."

"नका वाकवू," सत्यशीला म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारते."

तिनं तिथूनच फोन लावला. वसमतचे डॉक्टर तिच्या रोजच्या ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग फोनमधून हसल्याचा आवाज आला. "मी त्यांना विचारलं होतं हो, गोळ्या रोज घेता ना म्हणून."

"त्या रोजच घेतात डॉक्टर. बरोबरच सांगितलं त्यांनी."

डॉक्टर म्हणाले, आज एकच द्या. उद्या घेऊन या, तपासून दिवसातून एकदाच घ्यायची गोळी देतो, रोज संध्याकाळी जेवणानंतर. मग सोमवार असो की आणखी कोणता वार, प्रश्नच नाही. फक्त पाणी भरपूर प्यायला सांगा.

वैजनाथनं सुस्कारा टाकला. पण बाईंच्या तळहातावर अजून दोन गोळ्या होत्या, आणि त्यांची नजर दुसरीवर खिळलेली.

"उद्यापासून तसं," त्या म्हणाल्या. "पण ही आजची. ही चुकलेली तशीच राहणार?"

"काकू, आता पुरे!" वैजनाथ वैतागला.

सत्यशीलानं त्याला हातानं थांबवलं. तिच्या मनात काहीतरी वर येत होतं. घोंगडी. दातांवर दात आपटल्याचा आवाज. "बाई, मला हिवताप आला होता ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं?"

"दोन दिवस मी आले नव्हते. तिसऱ्या दिवशी ताप असतानाच आले, कारण भरपाई साठत चालली होती. मधल्या सुटीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, घोंगडी पांघरून. प्रार्थना सुरू केली तर दात वाजायला लागले. तुम्ही मागून आलात. कपाळाला हात लावलात. काय म्हणालात तेव्हा?"

समईची वात बाईंच्या डोळ्यांत हलत होती.

"मला आठवतं," उंबऱ्यातून ज्ञानबा म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मला लई राग आला व्हता म्हनून ध्यानात हाय. मला येवढ्या प्रार्थना म्हनायला लावल्या अन् हिला काहून सोडलं म्हनून. बाई म्हन्ल्या व्हत्या, आजाऱ्याला भरपाई न्हाई."

"आजाऱ्याला भरपाई नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. शब्द ओठांवर फिरवून बघितल्यासारखे. मग थोडंसं हसल्या. "म्हटलं होतं खरं."

"बघा, तुमचाच नियम आहे."

"पण मी आजारी कुठाय गं?"

"कपाळाला पट्टी कशाची आहे मग?" सत्यशीला म्हणाली, आणि बाईंनी नकळत पट्टीला हात लावला.

त्यांनी एक गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायल्या, अगदी शेवटचा घोट संपेपर्यंत. दुसरी गोळी पाकिटात परत जात नव्हती, म्हणून ती त्यांनी सत्यशीलाच्या हातावर ठेवली. "ही तू ठेव. माझ्यापाशी राहिली तर मला झोप यायची नाही."

*

मंगळवारी पहाटे सत्यशीलाला जाग आली ती केरसुणीच्या आवाजानं. ती धडपडत दारात आली. अंगणात बाई वाकून झाडत होत्या, वैजनाथ पायरीवर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होता, पडल्या तर झेलायच्या तयारीत. बाई सरळ झाल्या, केरसुणी भिंतीला टेकवली, आणि त्याला म्हणाल्या, "असा बघू नकोस रे. मी काय सर्कशीत आहे?"

वैजनाथ लगेच मानला नाही. एका मंगळवारानं काय होतं, तो म्हणाला. दवाखान्यात नेऊन आणलं, नवीन गोळी घेतली, तरी खोकी त्यानं सोडली नाहीत, नुसती कडेला सरकवली. पाडव्यापर्यंत बघतो, म्हणाला. गाडी बाईंना न घेताच पुण्याला परत गेली, आणि ज्ञानबाची शेळी रिकाम्या जागेत बराच वेळ वास घेत उभी राहिली.

त्यानंतरचे सोमवार सत्यशीला दुपारीच दुकान वैष्णवीवर सोपवून डोंगरकड्याला यायला लागली. पाण्याचा तांब्या बाईंच्या पुढं धरायचा, संध्याकाळी दोघींनी मिळून उपास सोडायचा, सकाळी पहिल्या एसटीनं परत. मंगळवार येत होते आणि जात होते, आणि बाई उभ्या होत्या. पाडव्याला वैजनाथ आला, तेव्हा त्याची गुढी उभारायला बाईंनी स्टूल धरलं होतं. त्यानं मुकाट्यानं खोकी सोडली आणि भांडी फडताळात लावून दिली, उलटसुलट. ती पुन्हा नीट लावायला बाईंना दोन दिवस लागले, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पाडव्यानंतरच्या सोमवारी दुपारी दोघी ओट्यावर बसल्या होत्या. हळद वाळून ढिगारे लागले होते, उन्हाचा ताव वाढला होता. बाईंनी नवीन गोळीचं पाकीट हातात धरून उन्हात उलटं-पालटं करून बघितलं. ही गोळी रंगीत होती, फिकट गुलाबी, कडा गुळगुळीत.

"ही निराळी दिसते गं," त्या म्हणाल्या. "दिवसभर एकच पुरते म्हणजे हिच्यात काहीतरी युक्ती असणार. काय असतं हिच्यात?"

सत्यशीला बोलायला लागणार तोच बाईंनी हात वर केला.

"थांब," त्या म्हणाल्या आणि पाकीट पदराखाली ठेवलं. "आत्ता नको. उपास सुटल्यावर सांग."